वीस पावलांवरचा करडा रंग

सोमवारी सकाळी साडेआठ वाजता मी फणसाच्या बुंध्याला दोन कार्डं शेजारी शेजारी टांगली, वीस पावलं मोजत मागे आलो, वळलो आणि पाहिलं, तर डावीकडचं कार्ड मळलेलं होतं. मळलेलं म्हणजे डाग पडलेलं नव्हे. डाग असते तर ते मला आधीच दिसले असते. सबंध कार्डच, जिथे काही छापलेलं नाही ती कडेची कोरी पट्टीसुद्धा, नव्या पंच्याशेजारी रोजचा पंचा वाळत घातल्यासारखं दिसत होतं. डावीकडचं कार्ड जुनं, माझं. उजवीकडचं शनिवारी मुंबईहून टपालाने आलेलं. जुन्याचा कोपरा कारखान्यात कसरीने खाल्ला म्हणून आमच्या मालकांनी, भाईंनी, नवं मागवलं होतं, आणि दोन्ही एकदा जोडून बघावीत एवढ्याच हौसेने मी ती टांगली होती. आधी वाटलं, उन्हाचं काहीतरी असेल. मी कार्डांच्या जागा बदलल्या. परत वीस पावलं मागे आलो. आता उजवीकडचं मळलेलं दिसू लागलं.

मी एवढा का दचकलो ते कळायला हे कार्ड काय आहे ते सांगायला हवं. हातभर लांबीचा जाड पुठ्ठा. त्यावर चार चौकोन. प्रत्येकात काळ्या रेघांची जाळी, पहिल्यात बारीक, चौथ्यात इतकी जाड की मधलं पांढरं जेमतेम शिल्लक. जवळून पाहिलं तर नुसत्या रेघा. पण पन्नास फुटांवर गेलं की रेघा एकमेकींत विरघळतात आणि चार करडे रंग उरतात, फिकटापासून गडदापर्यंत. सूर्य पाठीशी ठेवायचा, चिमणीच्या तोंडाशी धूर बघायचा, कोणत्या चौकोनाशी जुळतो ते ठरवायचं आणि वहीत लिहायचं: एक, दोन, तीन, चार. धूर नाही तर शून्य, ठार काळा तर पाच. दिवसातून तीनदा. हे मी मुंबईत एका रंगाच्या कारखान्यात बॉयलरवर असताना शिकलो, आणि एकोणसाठ साली पावसाळ्यानंतर भाईंनी मला मालवणात परत आणलं ते या एका विद्येपायी. भाईंचा कारखाना काजूच्या टरफलांतून तेल काढायचा. ते तेल पिंपांतून आगबोटीने मुंबईला जातं, वार्निशात पडतं, काही आपल्याच होड्यांना लागतं. तेल काढून उरलेली टरफलं भट्टीत जाळतात, आणि त्यांचा धूर कसा असतो ते ज्याच्या डोळ्यांत तो गेलाय त्यालाच विचारावं. शेजारच्या बागायतदारांनी तक्रारी केल्या तेव्हा मामलेदारांनी हुकूम काढला की कारखान्याने धुराची रोजची नोंद ठेवावी. ती ठेवणारा मी. गाव मला धूरमास्तर म्हणतं. चेष्टेने म्हणतं, पण मला ते आवडतं, खोटं कशाला बोलू. बापाने आयुष्यभर तांडेल म्हणून आभाळाकडे बघून होडी हाकली, आणि मी आभाळाला नंबर देतो, अशी एक मिजास माझ्यात होतीच.

तर त्या सकाळी मी धूर बघितला. मतलई वारा होता, धूर समुद्राकडे चालला होता. जुन्या कार्डावर तो पहिल्या आणि दुसऱ्या चौकोनांच्या मध्ये बसत होता, म्हणजे दीड. गेल्या आठवडाभर दीडच होता. मग नव्या कार्डाकडे पाहिलं आणि मला धूर सापडेना. म्हणजे धूर होता तिथेच होता, पण नव्याच्या दुसऱ्या चौकोनापेक्षा तो गडद होता. तिसऱ्याशी जुळतोय का? मी डोळे मिटले, उघडले. डोळा मारल्यासारखा एक झाकून पाहिला, मग दुसरा. तीनच येत होता. एकच धूर, एकच क्षण, एकाच माणसाचे डोळे, आणि दीड आणि तीन. जुन्या कार्डाची कोरी पट्टी, जिला शून्य म्हणायचं, ती नव्या कार्डाच्या पहिल्या चौकोनाइतकी करडी झाली होती. वहीत काय लिहावं कळेना. पेन्सिल कानामागून काढली, परत ठेवली. पाच वर्षांत पहिल्यांदा साडेआठची ओळ मी कोरी सोडली आणि कार्डं काढून काखेत मारली. काखेत मारताना जुन्याचा वास आला. ओळखीचा वास होता, पण कारखान्याचा नव्हता. दारापर्यंत चालत गेलो तेव्हा आठवलं. सुक्या बांगड्याचा आणि कोकमाच्या सोलांचा वास. माझ्या स्वयंपाकघराचा.

पावसाळ्यात कारखाना चार महिने बंद असतो. पहिल्या वर्षी ज्येष्ठात मी कार्ड घरी आणलं आणि नर्मदेच्या हातात दिलं. म्हटलं, हे सोन्यासारखं जप, याला बुरशी आली तर माझी नोकरी गेली. बायको माझी शहाणी. आमच्याकडे पावसाळ्यात जे जपायचं असतं ते कुठे जातं? चुलीवर टांगलेल्या बांबूच्या ताटीवर. बियाणं तिथे, सोलं तिथे, सुकं मासळं तिथे, बापाची कागदपत्रं बांबूच्या नळीत घालून तिथेच. चुलीच्या धगीने ओल लागत नाही आणि धुराने कीड लागत नाही. तिने कार्ड जुन्या लुगड्यात गुंडाळून ताटीला बांधलं. मी रोज त्याच्याखाली बसून पेज जेवलो. वर बघून मनात म्हणायचो, बरं आहे, सुखरूप आहे. चार पावसाळे. साठ, एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट. मी ते धुरापासूनच जपायला हवं होतं, आणि धुरातच टांगलं, आणि धूर मोजणारा मीच. हे मी कोणाला सांगितलं तर तो आधी हसेल, मग विचार करील, आणि मग परत हसेल.

दुपारी घरी गेलो. जेवायला बसण्याआधी ताटीकडे पाहिलं. बांबू काजळून तुळतुळीत झाले होते. नर्मदा भाकरी थापत होती. मी दोन्ही कार्डं तिच्यासमोर धरली.

"बघ गो. फरक दिसता?"

"दिसता तर. ह्या जुना, ह्या नवा."

"जुना काळा कशान झाला?"

तिने ताटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. समजायला तिला माझ्याइतका वेळ लागला नाही. तव्यावरची भाकरी तिने उलटली नाही, ती करपली. "मगे खंय ठेवतलंय होतंय?" ती म्हणाली. "पेटयेत? पेटयेत वाळवी खाता. तुमीच सांगल्यात बुरशी येव नये म्हणान. आणि रोज बघी होत्यात की तुमी, वर ठेवलला."

"तुका कोण बोलता गो?" मी म्हणालो. पण आवाज चढलाच होता. तिने करपलेली भाकरी स्वतःच्या ताटात घेतली. मला स्वतःची चीड आली. तिच्यावर ढकलायला मन कसं टपून बसलं होतं! चार पावसाळे मी रोज वर बघत होतो हे तिने म्हटलं ते अगदी खरं होतं. जेवताना ती एवढंच म्हणाली, "गुरवारी काय करतलात?"

गुरुवारी मामलेदार येणार होते. भाईंना दुसरी भट्टी बांधायची होती, पहिलीच्याच शेजारी. त्यासाठी परवानगी हवी होती, आणि परवानगीला आडवा आलेला अर्ज एकच उरला होता: कुंपणापलीकडच्या हापूसच्या चाळीस कलमांच्या मालकाचा. मालक म्हणजे सत्यवान, माझ्या धाकट्या बहिणीचा, सुभद्रेचा नवरा. दुपारनंतर समुद्रावरचा खारा वारा सुटला की कारखान्याचा धूर सरळ त्यांच्या कलमांवर जातो. मोहर काळा पडून गळतो असं त्यांचं म्हणणं. कारखान्याचं म्हणणं, मोहर तुडतुड्यानेही काळा पडतो, धुक्यानेही गळतो, आणि धूर तर आता कमी झालाय, ही वही बघा. ती वही माझी. एकोणसाठात चार, साठात साडेतीन, एकसष्टात तीन, मग अडीच, मग दोन, आणि आता दीड. पायऱ्या उतरल्यासारखे आकडे. कोणी शहाण्या माणसानेही विश्वास ठेवावा असे. गुरुवारी ही वही मामलेदारांपुढे उघडली की सुभद्रेच्या चाळीस कलमांवर दुसऱ्या भट्टीचाही धूर यायचा होता. आणि वही खोटी म्हटलं तर धूरमास्तर कशाचा उरतो?

बासष्ट सालीही सत्यवानांच्याच अर्जावरून असेच मामलेदार आले होते, दुसरे होते ते. मी वही वाचून दाखवली. सत्यवान मुळात फार बोलत नाहीत. सुभद्रा पुढे आली. मी ऑफिसातल्यासारखं बोलत होतो, "साहेब, अडीच नंबर आहे", वगैरे. तिने मला मध्येच तोडलं. "दादा, माका नंबर नको. धूर काळो आसा काय नाय, येवढाच सांग." मी म्हणालो, "काळो म्हणजे किती?" ती म्हणाली, "काळो म्हणजे काळो. तुजे डोळे नाय?" आणि मी, सगळ्यांदेखत, माझ्या पाठच्या बहिणीला म्हणालो, "डोळ्यांचा काय खरा नाय गो. कार्डाचा खरा." लोक हसले. मामलेदारांनीही मिशीतल्या मिशीत हसून घेतलं. अर्ज फेटाळला. त्या दिवाळीला भाऊबीजेला मला बोलावणं आलं नाही, त्याच्या पुढच्याही नाही. मी मनात म्हणायचो, बाईमाणूस, शास्त्र तिला काय कळणार. असं म्हणून झोप लागायची मला! लहानपणी ताप आला की हीच माझ्या कपाळाला हात लावून सांगायची, कमी झाला की चढला. तेव्हा तिला नंबर लागत नव्हता आणि मला शंकाही येत नव्हती.

जुनं कार्ड खोटं निघालं म्हणजे धूर कमी झालाच नाही, असंही म्हणता येत नव्हतं. इथेच माझं डोकं फिरायची वेळ आली. एकसष्टात भाईंनी चिमणी दहा हात उंच केली. भट्टीला हवेचं दुसरं तोंड मीच पाडून घेतलं. ओली टरफलं एकदम कोंबू नका, वाळवून थोडी थोडी टाका, हे मी भट्टीवाल्यांना शंभरदा ओरडून शिकवलं, आणि तसं टाकलं की धूर फिकट होतो हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. तेव्हा काहीतरी कमी झालंच असणार. पण किती? वहीतला कोणता आकडा धुराचा आणि कोणता चुलीचा? ते वेगळं करायचं म्हणजे एकोणसाठ सालचा धूर आज दिसायला हवा. मंगळवारी दिवसभर मी तो आठवायचा प्रयत्न केला. कारखान्याच्या फाटकाशी उभं राहून डोळे मिटले. पहिल्या दिवशीची सगळी गोष्ट आठवते. भाईंनी दिलेली नवी वही आठवते, तिचा डिंकाचा वास आठवतो, माझ्या पायांतल्या मुंबईच्या वहाणा आठवतात, फणसाला कार्ड टांगायला मी ठोकलेला खिळा आठवतो. धूर आठवायला जावं तर धुराच्या जागी आकडा येतो. चार. आकडा लख्ख आठवतो आणि त्याच्या मागे काही नाही. रंग आठवता येत नाही का माणसाला? आईच्या लुगड्याचा हिरवा आठवतो की! मग वाटलं, तोही आठवतो तो खरा हिरवा कशावरून? नर्मदेचे केस कधी पिकायला लागले तेही मला सांगता येणार नाही. रोज बघितलेलं माणूस काही बघतच नाही. आणि मी तर धूर रोज तीनदा बघत होतो.

दुपारच्या नोंदीला मी फक्त नवं कार्ड टांगलं. तीन. संध्याकाळी परत तीन. मी वहीत लिहिलं नाही, मनात ठेवलं, आणि भाईंकडे गेलो. भाई वाईट माणूस नव्हेत, हे आधी सांगतो, नाहीतर गोष्ट सोपी होईल. चाळीस बायका त्यांच्याकडे टरफलं सोलतात, त्यांची चूल त्यावर पेटते. मी त्यांना सगळं सांगितलं, ताटीसकट. ते हसले नाहीत. टेबलावरचा चष्मा घालून दोन्ही कार्डं पाहिली.

"जुना वाईट झाला म्हणान तर नवा मागवलंय," ते म्हणाले. "मगे आता नव्यार लिही."

"नव्यार तीन येता, भाई. गेल्या आठवड्यात दीड लिवलंय. एका आठवड्यात दीडाचो तीन कसो झालो म्हणान इचारतले."

भाईंनी खिडकीतून चिमणीकडे बोट केलं. "शिवा, चिमणी मी उंच केलंय काय नाय?"

"केल्यात."

"टरफलां सुकवूक तू लावलंस काय नाय?"

"लावलंय."

"मगे धूर कमी झालोच मा? कार्ड काळा होवांदे नायतर पिवळा. खरा ता खराच." ते जुनं कार्ड माझ्याकडे सारत म्हणाले, "गुरवारपर्यंत ह्याच टांग. शुक्रवारी नवा लाव. दुसरे भट्टीर आणखी पंधरा बायका लागतल्यो, तांचो इचार कर." त्यांच्या बोलण्यात खोट काढावी असं काही नव्हतं. प्रत्येक वाक्य धरून पाहिलं तर खरं होतं. फक्त सगळी एकत्र ठेवली की बेरीज चुकत होती. मी जुनं कार्ड उचललं, "बरां" म्हणालो आणि बाहेर आलो. "बरां" का म्हणालो, मला माहीत नाही.

बुधवारी दुपारी मी सुभद्रेच्या घरी गेलो. काय बोलायला गेलो ते ठरलं नव्हतं. दोन वर्षांत त्यांच्या कुंपणाच्या बेड्यातून आत पाऊल टाकलं नव्हतं. कलमांखालून जाताना मान वर करायचा धीर झाला नाही, पण खाली पडलेला मोहर पायांखाली येत होता. चिमटीत घेतला, चोळला, बोटं काळी झाली. तुडतुड्याने पण चिकट होतो, काळा होतो. हा कशाने? वास घेतला. मला कळेना. सत्यवान पडवीत सुंभ वळत बसले होते. त्यांनी मान हलवली आणि आत हाक मारली, "अगो, दादा इलो." सुभद्रा पाण्याचा तांब्या घेऊन आली. तो खाली ठेवला, हातात दिला नाही.

मी कार्डं भिंतीला टेकून ठेवली आणि तिला सांगितलं. चूल, ताटी, चार पावसाळे. तिला हसू येईल असं वाटलं होतं. ती हसली नाही. मी म्हणालो, "पण कमी झालो काय तसोच आसा, ता माका सांगूक येणा नाय. तू रोज बघतंस. तूच सांग, पयल्यापेक्षा कमी वाटता?"

"आता माका इचारतंस?" ती म्हणाली. मग उठली आणि म्हणाली, "हय ये."

पडवीची पश्चिमेची भिंत कारखान्याच्या तोंडावर येते. ही पडवी त्यांनी अठ्ठावन्नात नवी बांधली, कारखाना सुरू व्हायच्या आधी. दर दिवाळीला ती भिंतीला चुना काढते, शिमग्यापर्यंत भिंत काळवंडते, पुढच्या दिवाळीला परत चुना. कोपऱ्यात शिडी लागून पोपडा सुटला होता. तिने नखाने तो आणखी उचकटला आणि बोटाएवढा तुकडा माझ्या तळहातावर ठेवला. "आडवो धर," ती म्हणाली. मी आडवा धरला. पोपड्याच्या जाडीत रेघा होत्या. पांढरी, करडी, पांढरी, करडी. केसाएवढ्या, पण होत्या. मी मोजल्या. पाच करड्या. एकोणसाठ, साठ, एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट. ही वही कोणी चुलीवर टांगली नव्हती. मी तो तुकडा उन्हात नेला, डोळ्यांजवळ धरला. खालची रेघ जाड वाटली. मग वरची जाड वाटली. मधली एक बारीक होती, कदाचित चिमणी उंच केली ते वर्ष, किंवा तिथे पोपडा नीट तुटला नव्हता. तुकडा फिरवला की जाडीही फिरायची. माझ्या घामाने एक रेघ पुसट झाली. मी रडायच्या बेताला आलो, एवढा मोठा माणूस.

"सांग," सुभद्रा म्हणाली. "कमी झालो?"

"कळणा नाय गो."

"माका पण कळणा नाय," ती म्हणाली. मला वाटलं होतं ती ठासून सांगेल, अजिबात नाही. ती म्हणाली, "कधी वाटता कमी झालो. कधी वाटता माकाच सवय झाली. चिमणी उंच केल्यानी, तेवा आदी थोड्या झाडार पडी, आता सगळ्या बागेर पडता, ह्या मात्र खरा. पण दादा, मी कधी कमी-जास्त इचारलंयच नाय. तूच तां इचारी होतंस." तुकडा तिने परत मागितला नाही. मी तो रुमालात बांधला. निघताना सत्यवान म्हणाले, "येवा, दादानू," नेहमीसारखं, जणू मी काल येऊन गेलो होतो.

घरी जाताना रस्ता मला नीट दिसत नव्हता असं म्हटलं तर खोटं होईल. रस्ता दिसत होता, माणसं दिसत होती, मासळीबाजारातून परतणाऱ्या बायकांच्या टोपल्या दिसत होत्या. पण प्रत्येक गोष्ट किती, असं मन विचारत होतं आणि उत्तर येत नव्हतं. आभाळ किती निळं? ती बाई किती दमली? मी किती खोटा? थोडा खोटा, दीड नंबर? की तीन? मी मुद्दाम काही केलं नाही, हे माझ्या बाजूने. पण सुभद्रा ओरडून सांगत होती तेव्हा मी एकदाही नुसत्या डोळ्यांनी वर पाहिलं नाही, हे कोणाच्या बाजूने? घरी नर्मदा वाट बघत होती. मी तिला म्हणालो, उद्या काय बोलीन माहीत नाही. ती म्हणाली, "काय ता बोला, पण माजा नाव घेव नकात." मग जरा वेळाने स्वतःच म्हणाली, "घेवक लागला तर घेवा."

गुरुवारी चार वाजता मामलेदार आले. खारा वारा सुटला होता. भाई, त्यांचे कारकून, सत्यवान, सुभद्रा, दाराशी टरफलांनी हात काळे झालेल्या पंधरा-वीस बायका. मामलेदार तरुण होते, घाईत होते. "शिवराम कोण? हां. तुमची वही मी पाहिली. फार पद्धतशीर आहे. आजचं रीडिंग घ्या म्हणजे झालं." भाईंनी माझ्याकडे पाहिलं. फणसाच्या खिळ्याला मी जुनं कार्ड टांगलं. मग शेजारी, सोमवारी ठोकलेल्या दुसऱ्या खिळ्याला, नवं. वीस पावलं मागे आलो. वळलो. सवयीने सूर्य कुठे आहे ते पाहिलं. सूर्य समोर होता. चारच्या नोंदीला मी नेहमी पलीकडच्या बाजूला जातो, इतक्या वर्षांत चुकलो नव्हतो. तसाच उभा राहिलो.

"किती नंबर?" मामलेदारांनी विचारलं.

"मला माहीत नाही, साहेब."

"म्हणजे?"

"माका ठावक नाय." ऑफिसातली भाषा माझ्या तोंडातून निघून गेली ती गेलीच. "ह्या कार्डार दीड आसा, त्या कार्डार तीन. जुना कार्ड चार पावसाळे माज्या चुलीर होता. धुरान काळा झाला. पाच वर्सां मी दिसला ता लिवलंय, पण ज्येच्याशी जुळवलंय ताच काळा होत होता. वहीतलो एक पण आकडो धरू नकात."

आधी एक बाई हसली. मग सगळ्या हसल्या, मग कारकून, मग मामलेदारही तोंडावर रुमाल धरून. "चुलीवर?" ते म्हणाले. "अहो, चुलीवर कशाला?" "पावसात आमी सगळा थंयच ठेवतंव, सायेब," मी म्हणालो, आणि हसणाऱ्या बायका एकदम थांबल्या, कारण त्यांचंही सगळं तिथेच असतं. भाई हसले नाहीत. मी रुमालातला पोपडा काढून मामलेदारांच्या हातात दिला. पाच रेघा दाखवल्या, त्यातूनही मला काही कळत नाही हेही सांगितलं. त्यांनी तो उन्हात धरून पाहिला. त्यांचं हसू गेलं. कारकुनाला त्यांनी लिहून घ्यायला सांगितलं: वही बाद, दुसऱ्या भट्टीचा विचार नव्या कार्डावर वर्षभर नोंद झाल्यानंतर. नोंद कोणी ठेवायची, असं त्यांनी विचारलं. भाईंनी पुढे येऊन माझ्या काखेतली वही काढून घेतली, हिसकावली नाही, काढून घेतली, आणि म्हणाले, "घराक जा, शिवा. जेवन झोप." मला ते फार लागलं.

मामलेदारांची जीप गेली. बायका आत गेल्या. सत्यवान कुंपणापाशी जाऊन उभे राहिले. मी नवं कार्ड काढायला हात लावला आणि लक्षात आलं, आता ते माझं नाही. हात खाली घेतला. सुभद्रा माझ्याजवळ येऊन उभी राहिली होती, बासष्ट साली उभी होती त्याच जागी असेल, मला नक्की सांगता येणार नाही. भट्टीत नवीन टरफलं पडली असावीत. चिमणीच्या तोंडाशी धूर दाटला, वाऱ्याने वळला आणि कलमांवर उतरायला लागला.

"दादा," ती म्हणाली. "आता सांग. काळो आसा काय नाय?"

मी वर पाहिलं. कार्डाकडे नजर जात होती, ती ओढून आणली. उन्हाने डोळ्यांत पाणी आलं, तरी पाहिलं. एवढा वेळ मी धुराकडे कधीच पाहिलं नव्हतं. नोंदीला दोन क्षण पुरतात.

"काळो आसा गो बाय," मी म्हणालो.

तिने मान हलवली. मग पदराने माझ्या हाताची, कालच्या मोहराने काळी झालेली बोटं पुसायला लागली. ती काही पुसली जात नव्हती.